किरायाचं घर आणि तीन राज्यांचा रोज

बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्याच्या शिवेवर एकाच कामाचे तीन भाव आहेत. रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्या मजुराला २०२५-२६ मध्ये कर्नाटकात दिवसाला ३७० रुपये मिळत. पश्चिमेला उदगीर-देवणीच्या शिवारात, म्हणजे महाराष्ट्रात, ३१२ रुपये आणि पूर्वेला तेलंगणात ३०७. माती तीच काळी, पिकं तीच सोयाबीन-तूर-उडदाची, ऊनही तेच. शंभर दिवस भरले तर औरादच्या मजुराच्या हाती उदगीरच्या मजुरापेक्षा ५,८०० रुपये जास्त पडत.

तरीही या जादा रोजासाठी उदगीरचं कुणी औरादला राहायला येत नाही. येऊन उपयोगही नाही, कारण जॉबकार्ड ज्या पंचायतीचं, काम तिथलंच. उलट दिवाळी सरली, रास झाली की औराद-कमलनगरच्या तांड्यांतून आणि गावांतून माणसं बाहेर पडतात. कुणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातं, कुणी गुत्तेदाराच्या हाताखाली हैदराबादेत बांधकामावर, कुणी पुण्या-मुंबईला. रोजाचा आकडा मोठा आहे एवढ्यावर माणूस बिऱ्हाड हलवत नाही आणि किराया कमी आहे एवढ्यावर परतही येत नाही. मधे बरंच काही असतं. त्या मधल्या गोष्टींसाठी हा लेख लिहितो आहे.

गेल्या काही वर्षांत या भागातल्या घराघरांत एक प्रश्न निघू लागला आहे. हैदराबादेत किंवा पुण्यात दहा-पंधरा वर्षं काढलेली जोडपी सणाला गावी येतात आणि जेवणं झाल्यावर विषय निघतो: परत यावं का? अगदी औरादला नाही तरी बिदरला, उदगीरला, लातूरला? मग कुणीतरी अण्णा किंवा मामा पहिला प्रश्न करतात, “तिथं किराया किती पडतो?” शहरातला आकडा ऐकून सगळे चुकचुकतात, इथला आकडा सांगतात आणि हिशोब संपला असं धरून चालतात. माझं म्हणणं असं की हिशोब तिथून सुरू होतो, आणि किरायापासून सुरुवात केली की तो हमखास चुकतो.

*

औरादच्या माणसाचं शहर हैदराबादच का, याला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ती आपलीच राजधानी होती. त्या दिवशी हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात. कागदावर रेघ ओढली गेली, पण सोयरिकी आणि पोटाच्या वाटा जुन्याच राहिल्या. हैदराबादेत मराठी माणसाला पाय ठेवायला जागा होती. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पुढाकारानं १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी तिथंच उभी आहे. बिदरहून जहीराबाद, संगारेड्डी करत गेलं की शहर लागण्याआधीच पटणचेरूचे कारखाने, रामचंद्रपुरमचं भेल, पुढं बालानगर, जीडिमेटला. आपल्याकडून जाणाऱ्याला हैदराबादचं दार हे कारखान्यांचंच दार आहे. म्हणून आयटीआय झालेला मुलगा त्या वाटेनं गेला आणि तिथंच दोन खोल्या किरायानं घेऊन राहिला, हे इकडच्या पन्नास-साठ वर्षांचं साधं चित्र आहे.

आता परतीचा हिशोब. तो आधी सरकारला विचारू, कारण गावानुसार घराची किंमत ठरवून ती पगारात मांडणारा सर्वांत मोठा मालक सरकारच आहे.

केंद्र सरकारनं देशातली शहरं तीन वर्गांत घातली आहेत. लोकसंख्या पन्नास लाखांवर असेल तर एक्स, पाच ते पन्नास लाख असेल तर वाय, त्याखालची सगळी झेड. हैदराबाद, पुणे, मुंबई, बंगळूर एक्समध्ये येतात. गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, नांदेड आणि सोलापूर वायमध्ये. बिदर, लातूर, उदगीर, औराद सगळे झेडमध्ये. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हापासून घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाला.

मूळ पगार ३५,४०० रुपये असलेला केंद्राचा कर्मचारी घेऊ. हैदराबादेत त्याला घरभाड्यापोटी १०,६२० रुपये मिळतात, गुलबर्ग्यात ७,०८०, बिदरमध्ये ३,५४०. प्रवास भत्ताही हैदराबादेत दुप्पट असतो. २०२५ च्या जानेवारीपासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर या माणसाचा महिना हैदराबादेत ७१,०७० रुपयांचा होतो आणि बिदरमध्ये ६१,२०० रुपयांचा. फरक ९,८७० रुपये, म्हणजे १४ टक्क्यांच्या आत. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना हात लागत नाही. हैदराबादेत तो माणूस पंधरा-सोळा हजार किराया भरत असेल आणि बिदरमध्ये त्याला पाच हजारांत घर मिळत असेल तर बदली फायद्याची, एवढं सरळ.

कर्नाटक सरकारच्या नोकराला सातव्या राज्य वेतन आयोगानंतर, ऑगस्ट २०२४ पासून, शहराच्या वर्गानुसार २०, १५ आणि ७.५ टक्के घरभाडं मिळतं. औरादच्या शिक्षकाच्या वाट्याला शेवटचा आकडा येतो. पण त्याचाही मूळ पगार बंगळूरच्या शिक्षकाएवढाच असतो. बिदरच्या घरमालकांचे आवडते भाडेकरू कोण हे यातून कळतं: हवाई दलाच्या तळावरची माणसं, पशुवैद्यकीय विद्यापीठातले लोक, बँकवाले, मास्तर. ज्यांचा पगार गाव पाहून ठरत नाही, ते.

खासगी नोकरीवाल्याचा मात्र सगळा पगारच गाव पाहून ठरतो.

*

एक उदाहरण मांडतो. यातले आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. वाचणाऱ्यानं तिथं आपले आकडे घालावेत. समजा पटणचेरूच्या कारखान्यात नवऱ्याला २२,००० मिळतात आणि बायको एका शाळेत किंवा दुकानात ९,००० कमावते. घरात ३१,००० येतात, किराया ८,००० जातो. किराया मिळकतीच्या २६ टक्के झाला. हेच जोडपं बिदरला आलं. त्याच हुन्नराला इथल्या वर्कशॉपमध्ये १३,००० मिळाले, बायकोला काम मिळालं नाही, किराया ३,५०० पडला. तो मिळकतीच्या २७ टक्के झाला.

टक्केवारी पाहिली तर काहीच बदललं नाही. अमेरिकेत गृहनिर्माण खात्याचा एक ठोकताळा आहे की घरावरचा खर्च मिळकतीच्या ३० टक्क्यांच्या वर गेला तर ते कुटुंब घराच्या ओझ्याखाली आहे असं समजावं. आपल्याकडच्या बँकाही कर्ज देताना अशाच टक्केवारीनं विचार करतात. त्या मापानं ही दोन्ही घरं सुखरूप आहेत. पण हैदराबादेत किराया भरून हातात २३,००० राहत होते, बिदरमध्ये ९,५०० राहतात. मायकेल स्टोन या अमेरिकन अभ्यासकानं १९९३ मधल्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला होता. घरावर किती टक्के गेले यापेक्षा घर भागवून बाकीच्या जगण्यापुरते किती उरले, हे मोजा, असं त्याचं म्हणणं. मला हे माप पटतं, कारण औरादच्या बायका महिन्याचा हिशोब याच रीतीनं करतात: आधी किराया आणि हप्ता बाजूला काढतात, मग उरलेल्यात महिना बसतो का पाहतात.

त्या उरलेल्या पैशातून ज्या वस्तू घ्यायच्या त्यांचे भाव गाव पाहून कमी होत नाहीत. औषधाच्या पाकिटावर, साबणावर, मुलाच्या वहीवर छापलेली किंमत हैदराबादेत आणि औराद तालुक्यातल्या संतपूरच्या बाजारात एकच. मोबाईलचा रिचार्ज तोच. मोटारसायकलचा हप्ता तोच. गॅस आणि पेट्रोल दहा-वीस रुपयांनी इकडं-तिकडं. स्वस्त काय होतं? भाजी काही दिवस, दूध थोडं, शेत असेल तर ज्वारी आणि डाळ. आणि घर. एवढ्यासाठी पगार जवळजवळ निम्म्यावर आणणं हा कुटुंबाचा तोटा आहे, मग घराला अंगण कितीही मोठं असो.

इथं घर स्वस्त का, हेही पाहिलं पाहिजे. सिमेंट, सळई, फरशी, वायर यांचे भाव लहान गावात फार उतरत नाहीत. स्वस्त असते ती जागा आणि स्वस्त असतो तो गवंडी. बिगारी, सुतार, गिलावा करणारा, यांच्या रोजात जी कपात असते ती घराच्या किमतीत उतरते. म्हणजे लहान शहरातला स्वस्त किराया हा बऱ्याच अंशी तिथल्याच कष्टकऱ्याच्या कमी मजुरीवर उभा असतो. परत येणारा माणूस जर स्वतः गवंडी किंवा वेल्डर असेल, तर तो ज्या स्वस्ताईचा फायदा घ्यायला येतो ती त्याच्याच रोजातून कापलेली असते. त्यामुळं मास्तर आणि गवंडी या दोघांना एकच सल्ला देणारा माणूस दोघांपैकी एकाला नक्की फसवतो.

*

किराया किती, याच्या आधी घर मिळेल का, हा प्रश्न आहे आणि आपल्याकडं तो मोकळेपणानं कुणी लिहीत नाही. मोठ्या शहरात किरायाची घरं हजारांनी असतात. एकानं नाही म्हटलं तर दुसरा दार उघडतो. बिदर, उदगीर, लातूरमध्ये चांगल्या वस्तीतली किरायाची घरं मोजकी आणि बरेचसे मालक त्याच घरात वर किंवा खाली राहणारे. नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, मग खाणं काय हे विचारतात. दलित कुटुंबाला, मुसलमान कुटुंबाला, एकट्या बाईला “परवाच दिलं हो” हे उत्तर पाठ झालेलं असतं. ज्या ३,५०० च्या किरायावर सगळा हिशोब उभा केला तो आकडा त्यांच्यासाठी नसतोच. त्यांना एक तर आपल्या वस्तीत दाटीनं राहावं लागतं किंवा त्याच घराचे जास्त पैसे मोजावे लागतात. मोठ्या शहरातही हे आहेच, पण तिथं पळवाटा जास्त आहेत. गाव सोडण्याची कारणं मोजताना या कारणाला रुपयांचा रकाना मिळत नाही. ज्यानं ते सोसलं आहे तो मात्र ते सगळ्यांत आधी मोजतो, आणि त्याचं चुकत नाही.

दुसरा न दिसणारा खर्च पाण्याचा. मांजरा नदी आपल्या भागातून वाहते. वर धनेगावच्या धरणातून ती लातूरला पाणी पाजते, खाली तेलंगणात सिंगूरच्या धरणातून हैदराबादच्या नळांना. एकाच नदीची दोन गिऱ्हाइकं. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगाव कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा टाक्यांत पाच लाख लिटर आलं होतं. त्या वर्षी लातुरात किरायानं राहणाऱ्याला विचारा, टँकरचे पैसे धरून घर कितीला पडलं. मोठ्या शहराकडं दूरवरच्या कृष्णा-गोदावरीचं पाणी ओढून आणण्याइतका पैसा आणि राजकीय वजन असतं. लहान शहराला जवळच्या एका धरणावर भरवसा ठेवावा लागतो. म्हणून घर बघायला जाणाऱ्यानं मे महिन्यात जावं आणि बोअर किती फुटांचं आहे हे किरायाच्या आधी विचारावं.

दवाखान्याचंही तसंच. २००७ पासून बिदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी सोय. पण दुखणं अवघड झालं की गाडी अजून हैदराबाद, लातूर किंवा सोलापूरची वाट धरते.

*

वरच्या उदाहरणात एक ओळ मी मुद्दाम ठेवली होती: बायकोला काम मिळालं नाही. माझ्या मते सगळा हिशोब त्या ओळीवर फिरतो. मोठ्या शहराची खरी देणगी म्हणजे दुसरा पगार. शाळा, दवाखाने, कपड्यांची दुकानं, औषधांचे कारखाने, दुसऱ्यांच्या घरचा स्वयंपाक, असं बाईला पंधरा ठिकाणी काम मिळू शकतं. लहान गावात नवऱ्याची नोकरी ठरवून येतात आणि बायकोचं “बघू नंतर” असतं. ते नंतर बहुधा येत नाही. परतीचा विचार करणाऱ्या घरात आधी तिच्या कामाची चौकशी व्हावी, असं मला कळकळीनं वाटतं.

इथं मात्र सीमेनं एक वेगळा रकाना वाढवला आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना राज्याच्या साध्या बसगाड्यांत प्रवास फुकट आहे. औराद ते बिदर चाळीसेक किलोमीटर. रोजचं जाणं-येणं तिकीट काढून केलं तर लहान पगारातला मोठा भाग त्यातच जायचा. आता बाई घरच्या घरी राहून बिदरला कामाला जाऊ शकते. किराया शून्य, प्रवास शून्य. एखादीला बिदरमध्ये आठ हजारांचं काम मिळालं तर ते आठच्या आठ हजार घरात येतात. हीच बाई उदगीरला कामाला जाऊ लागली तर सवलत चालत नाही, कारण ती राज्याच्या आतल्या प्रवासालाच आहे. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं.

घरखर्चाच्या योजनाही रेघेप्रमाणं बदलतात. गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २४,०००. पलीकडं लाडक्या बहिणीचे १,५००, वर्षाचे १८,०००. गृहज्योतीत २०० युनिटपर्यंतच्या विजेचं बिल माफ होतं आणि किरायादारालाही ही सवलत घेता येते. रेशनकार्ड आता देशात कुठंही चालतं, पण केंद्राच्या वाट्याचं धान्य तेवढं परराज्यात मिळतं. कर्नाटकाचा स्वतःचा जादा वाटा कर्नाटकातच. औरादच्या मुली उदगीर-देगलूरला दिल्या जातात आणि तिकडच्या इकडं येतात. महाराष्ट्रात नांदायला गेलेल्या परराज्यातल्या मुलीला नवऱ्याच्या कागदपत्रांवर लाडकी बहीण योजनेत नाव घालता येतं, ही तरतूद नंतर केली गेली आणि सीमेवरच्या घरांना तिचा खरा उपयोग झाला. हे पैसे थोडे वाटतील. पण किराया भरून ९,५०० उरणाऱ्या घरात २,००० म्हणजे पाचवा हिस्सा होतो.

सगळ्यांत मोठा रकाना मात्र महिन्याच्या हिशोबात येतच नाही. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ (जे) आलं आणि तेव्हा हैदराबाद-कर्नाटक म्हटल्या जाणाऱ्या, २०१९ पासून कल्याण-कर्नाटक झालेल्या या भागात स्थानिकांसाठी नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा राखीव झाल्या. इथल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा स्थानिकांच्या, उरलेल्या कर्नाटकात ८ टक्के. स्थानिक म्हणजे या भागात जन्मलेला किंवा दहा वर्षं राहिलेला. त्यासाठी पात्रतेचा दाखला काढावा लागतो. ज्याच्या घरात दहावीला पोरगी आहे आणि तिला डॉक्टर व्हायचं आहे, त्याच्यासाठी या एका दाखल्याचं मोल सगळ्या किरायांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. हैदराबादेत किंवा उदगीरला स्थिरावताना मुलांचा जन्म कुठं झाला, शाळेचे दाखले कुठले, हे बघून पाऊल टाकणारी माणसं शहाणी.

शिक्षणापायी उलटी वाटही वाहते. लातुरात नीटच्या शिकवण्यांसाठी घरंच्या घरं येऊन राहतात: आई आणि मूल किरायाच्या खोलीत, बाप गावी शेतावर. बिदरमध्ये शाहीन या शिक्षणसंस्थेमुळं हेच घडतं. तिथं पगाराचा प्रश्नच नसतो, दोन वर्षांचा निव्वळ खर्च असतो. त्या गर्दीनं आसपासच्या गल्ल्यांतले किराये चढतात आणि मग स्वस्त शहर म्हणून आलेल्या कामगाराला गावाबाहेर सरकावं लागतं.

*

लहान शहरांनी माणसं बोलावण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका तिथं येऊन राहणाऱ्या नोकरदाराला १५,००० डॉलरपर्यंत मदत देऊ करते. याच भागातलं इंडियाना राज्यातलं कोलंबस हे पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव कमिन्स कंपनीचं मुख्यालय आहे, आणि पुण्याच्या कितीतरी इंजिनियरांनी तिथं संसार थाटले. त्यांना ते गाव परवडलं, कारण पगार मोठ्या कंपनीचा होता आणि घर लहान गावातलं. बिदरच्या हवाई दलातल्या माणसाचं गणितही हेच. २०२० च्या टाळेबंदीत संगणक घेऊन गावी आलेल्या पोरांनी काही महिने हेच अनुभवलं. मग बऱ्याच कंपन्यांनी त्यांना परत बोलावलं.

म्हणून बिदर-लातूरला माणसं परत यावीत असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वस्त प्लॉटच्या जाहिरातींपेक्षा पगाराकडं पाहावं. लातूरजवळ हरंगुळला मार्च २०१८ मध्ये रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. तिथं फिटरला पुण्याच्या जवळपास पगार मिळू लागला तर उदगीर-औरादची किती घरं आपोआप परत येतील. जहीराबादच्या ट्रॅक्टर कारखान्याभोवती पुरवठादार वाढले तर बिदरच्या पोराला हैदराबाद गाठायची गरज उरणार नाही.

घरभाड्याच्या वर्गांचा प्रश्नही आता पुन्हा निघेल. आजची वर्गवारी २०११ च्या जनगणनेवर बेतली आहे. त्या वेळी लातूरची वस्ती पावणेचार लाखांच्या थोडी वर होती आणि बिदरची सव्वादोन लाखांच्या आत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. लातूर पाच लाखांच्या पुढं गेलं आणि वर्गवारीचा नियम हाच राहिला तर ते वायमध्ये जाईल आणि तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता दहावरून वीस टक्के होईल. घरमालकांना ही बातमी त्याच दिवशी कळेल. कारखान्यातल्या आणि दुकानातल्या माणसाचा पगार मात्र त्या आदेशात नसेल, आणि त्यालाही तोच वाढलेला किराया भरावा लागेल.